रुपयांत घ्यायचे का?

लिफाफा मंगळवारी आला.
हरिपूरला पेव उघडतात तसा उघडला:
तोंड मोकळं केलं आणि बाजूला ठेवला.
चहा घेतला. गॅलरीतली सायकल पुसली.
आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची असते,
घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही.
मग चष्मा लावला.

बेचाळीस वर्षं मी मार्केट यार्डात दिवाणजी,
राजापुरी, सेलम, हमाली, तोलाई,
माझ्या वहीत एका रुपयाची चूक
कधी रात्रीची मुक्कामाला राहिली नाही.
मालाला मुदत असते, रोखीला नसते,
हे मी नव्या पोरांना शिकवायचो
पेन्सिल कानावर ठेवून.

सन्मतीनंही तेच सांगितलं होतं तिबिलिसीत,
कॉलेजला जाताना, बूट घालता घालता:
"आजोबा, कार्डावर काय हवं ते घ्या,
फक्त मशीनमधनं पैसे काढू नका.
लागले तर माझ्याकडं मागा."

नातीकडं मागायचे!

त्याच दिवशी बाजारात
एका म्हातारीपुढं पिवळा ढीग दिसला.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा हात आपोआप पुढं गेला,
मुठीत घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं.
हळद नव्हती.
झेंडू होता. वाळवून कुटलेला झेंडू,
ते लोक रश्श्यात घालतात म्हणे.
म्हातारी माझ्या अंगठ्याकडं बघत होती;
दुसरा कोणी जाणकार आला
की आमच्या यार्डातही असंच बघतात.
दोनशे ग्रॅम, दहा लारी.
कार्ड दाखवलं तर तिनं पदर झटकावा तसे हात झटकले.

कोपऱ्यावर मशीन.
एका हाताने आकडे दाबले, दुसऱ्याची ओंजळ वर धरली,
पूर्वी सौद्यात रुमाल धरायचो तशी.
फरक एवढाच, की रुमालाखाली
समोरच्याचीही बोटं असायची,
ऊन, खरबरीत, थोडी घाबरलेली.
इथं नुसती गार पत्र्याची चौकट.

आणि तिनं विचारलं:
लारीत घेणार, की रुपयांत?

त्या अख्ख्या गावात
पाट्या वाचता येत नव्हत्या, बसचं नाव कळत नव्हतं,
दूधवाला कोण आणि पोस्टमन कोण ओळखू येत नव्हतं,
आणि तिथं, निळ्या काचेवर,
दोन आडव्या रेघांचा आपला र.
गावचं माणूस एसटी स्टँडवर भेटावं
तसं मला झालं.
भाव बघितला नाही.
बेचाळीस वर्षं ज्यानं भाव बघितला
त्यानं बघितला नाही.
रुपया दाबला.

तीनशे लारी. त्या दिवशी बाहेर नऊ हजार तीनशेला मिळाल्या असत्या.
कागद म्हणतो दहा हजार पन्नास.
रोख काढल्याबद्दल पाचशे.
पाचशेवर जीएसटी.
परदेशात वापरलं म्हणून साडेतीन टक्के,
रुपये मागितले तरीही.
आणि व्याज त्याच सकाळपासून,
म्हातारी पुडी बांधत होती तेव्हापासून,
मी विमानात झोपलो होतो तेव्हाही,
सांगलीत उतरून आईस्क्रीम खाल्लं तेव्हाही,
अडतीस दिवस, एकही रविवार न सोडता.

मी काहीही चुकीचं सापडेना.
दोनदा बेरीज मारली. तिसऱ्यांदा खालून वर.
बरोबर होती. सुरेख होती.
ज्यानं कोणी ही वही लिहिली
त्याला मी नोकरीवर ठेवला असता.

सन्मतीचा फोन आला. म्हणाली, "बिल आलं का?"
"आलं."
"जास्त नाही ना?"
म्हटलं, "तुमच्याकडं थंडी किती आहे?"

संध्याकाळी पुडी घेऊन यार्डात गेलो.
आदगोंडानं चिमूट घेतली, चोळली,
डोळे मिटून वास घेतला बराच वेळ.
"दिवाणजी, कुठला माल?"
"झेंडू आहे."
"एवढ्या लांबनं? कितीला पडला?"

आजूबाजूला पोरं होती, मोबाइलवर भाव बघत.
मी खिशातला रुमाल काढला,
त्याच्या हातावर टाकला
आणि खालून बोटांनी आकडा सांगितला.

तो काही बोलला नाही.
माझी बोटंही त्यानं लगेच सोडली नाहीत.