प्रश्न सातवा

पाच किलोचा ठोकळा, तीस अंशांचा उतार,
घर्षणांक शून्य पॉइंट दोन, जी दहा धरा.
ठोकळा कशाचा, ते पुस्तक सांगत नाही.
मी चौकोन काढते, चौकोनात टिंब,
टिंबातून बाण सोडते:
सरळ खाली वजन, उताराला काटकोनात नॉर्मल.
तिसऱ्या बाणापाशी पेन्सिल थांबते.

वडकीच्या जिनिंगचं काटाघर.
बाबा पावत्या फाडतात,
त्यांच्या टेबलाचा उरलेला कोपरा माझा.
खिडकीबाहेर ट्रक, ट्रकला टेकवलेल्या दोन फळ्या,
फळ्यांवर एकशे सत्तर किलोची गाठ,
आणि गाठीमागे खांदा लावून बकाराम नागोसे.

काल माझं उत्तर सहा पॉइंट सात तीन.
पुस्तकाच्या मागे तीन पॉइंट दोन सात.
दोनदा केलं, दोनदा तेच.
सकाळी वैरागडे सरांनी वही मिटूनच विचारलं,
"घर्षण नसतं तर किती आलं असतं?"
पाच.
"मंग तुह्या घर्षणानं ढकललं का वं ठोकळ्याले?"
वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.
चिन्ह बदललं की उत्तर येतं, हे कळलं.
बाण वर का, ते विचारायचं राहिलं.

बकारामकाका माठाशी आले,
भुवयांवरसुद्धा कापूस.
वहीत डोकावले.
"हे फळी होय?"
फळीच.
"अन् हे डबडं?"
गाठ समजा.
"मंग सोपं हाये.
वर लोटतो तवा थे खाली ओढते,
गाठ सुटली का वर धरते.
आपन जिकडं, थे त्याच्या उलटं.
कोनाच्याच बाजूचं नाही थे.
म्हनून तं मूठभर सरकी टाकतो फळीवर,
भुलवा लागते त्याले."

मी बाण खोडला. उताराच्या वरच्या दिशेला काढला.
तीन पॉइंट दोन सात.

मग मला राहवेना.
काका, गंमत पाहा, एम दोन्हीकडे येतो आणि कटून जातो,
पाच किलो असो की एकशे सत्तर,
घसरणं सारखंच. वजनाचा संबंधच नाही!

त्यांनी गडूतलं पाणी संपवलं,
उरलेले चार थेंब मानेवर घेतले.
"घसरते तवा बरोबर हाये. म्या पायलं हाये,
लहान गोटा, मोठा गोटा, संगंच येते खाली."
गडू माठावर पालथा घातला.
"पन थांबवाले गेलं का कटत नाही थो."

ते दाराकडे वळले तेव्हा पहिल्यांदा दिसलं,
डाव्या चपलेत करंगळीची जागा रिकामी,
शेजारच्या बोटाचीही.

बाबांनी मान वर न करता विचारलं,
"किती झाल्या बकाराम?"
"अठ्ठावन."

आठव्या प्रश्नात कप्पी आहे, घर्षण नसलेली,
आणि दोरी, वजन नसलेली.
दोन्ही टोकांना ठोकळे.
मी चौकोन काढले आहेत, टिंबं दिली आहेत.
बाहेर कुणीतरी ओरडतं,
हळू, हळू बे, सोडू नको.