घर रिकामं जाऊ नये म्हणून

आमच्या चिलोए बेटावर घर हलवायचं म्हणजे
सामान नव्हे, अख्खं घरच हलवतात.
खाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे,
शेजारपाजार बोलवायचा, पोटभर जेवू घालायचं.
मजुरी कुणी मागत नाही.
उद्या त्याच्या घराला आपला खांदा.

आमचं घर निघालं तेव्हा अकरा बैलजोड्या होत्या
आणि ओरडून ओरडून एलादियोचा घसा बसला होता.
खाडीपाशी भरतीची वाट बघत थांबलो,
मग घर पाण्यात लोटलं. दोन होड्या, चार दोरखंड.
आत चुलीशेजारी नोल्फा बसलेली,
मांडीत पावाच्या आंबवणाचं मडकं.
"उतर की गं!" मी काठावरून ओरडले.
"घर रिकामं गेलं तर रुसतं," ती म्हणाली.
तिला पोहता येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एलादियो दक्षिणेला गेला,
वाऱ्याच्या मुलखात, मेंढ्या कातरायला.
पाच महिन्यांचं काम. सहा वर्षं झाली.
पत्रं यायची. मला अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय.
नोल्फा वाचायची,
ओल्या लोकरीचा वास येणारे तिचे हात, त्यात कागद:
"तुझ्या केसांतला धूर आठवतो.
रात्री वारा दार वाजवतो, मला वाटतं तूच आलीस."
बटाटे सोलता सोलता माझी सुरी थांबायची.
पुन्हा वाच, मी म्हणायचे.
ती पुन्हा वाचायची.
एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचा.
मला वाटायचं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

तो परत आला, एक बोट कमी, बोलणं त्याहून कमी.
मी त्या वाराबिराची आठवण काढली
की तो खिडकीबाहेर बघायचा.
पुरुषमाणूस, लाजत असेल, असं धरून चालले.
चाळीस वर्षं धरून चालले.
संसार वाईट झाला नाही.
तो माझे बूट रोज चुलीपाशी ठेवायचा,
टाचा आतल्या बाजूला करून.
याला काय म्हणायचं ते मी कधी विचारलं नाही.

तो गेला. तीन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, नोल्फाही गेली.
सुट्टीला आलेल्या येसेनियाने पत्र्याचा डबा उघडला.
"आजी, वाचून दाखवू?"
"पैसे पाठवले आहेत. बूट फाटले.
गाईला खरूज असेल तर गंधक लाव."
पुढचं वाच, म्हटलं.
"पुढे सही आहे, आजी."

सतरा पत्रं. सतरा सह्या.
धूर नाही, केस नाहीत,
आणि वारा, जो तिथे म्हणे उभं राहू देत नाही,
तो तर एकदाही नाही.

मी आधी हसले.
मग चुलीत लाकूड सारायच्या निमित्ताने पाठ वळवली.
ते सहा हिवाळे मी कुणाच्या शब्दांवर काढले?
आणि ती, समोर बसून,
कोरड्या सहीवर नजर ठेवून ते सगळं बोलायची,
ते त्याच्या वतीने,
की माझी कीव येऊन,
की… इथे मी थांबते.
विचारायला आता कुणी नाही,
आणि असती, तरी तिने मडक्यात पीठ घालत
विषय बदलला असता.

जुन्या जागी घराएवढा चौकोन अजून दिसतो.
तिथलं गवत जास्त हिरवं आहे.
का, ते मला माहीत नाही.
मेंढ्या मात्र आधी तिथेच जातात.

येत्या शनिवारी बार्रियांचं घर निघतंय, पलीकडच्या काठाला.
मी सांगून टाकलंय, मी आत बसणार.
"म्हातारे, पडशील," सून म्हणाली.
नोल्फाचं आंबवण अजून जिवंत आहे, रविवारी त्याला पीठ दिलंय,
तेच मडकं घेऊन बसेन.
पोहता मलाही येत नाही.