पोखर्णीच्या अलीकडं

गंगाखेड रोड, रात्रीचे साडेनऊ.
उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही.
जमादारानं लिहून टाकलं: चूक ट्रॉलीची.
मेव्हणा म्हणाला, सही कर, क्लेम निघंल.

बोनेटवर ऊस सांडलेला,
लोक मोळ्या उचलून नेत होते.
कुणीतरी माझ्या कपाळाला हळद दाबली.

ट्रॉलीवाला इस्माईल
एकच गोष्ट सांगत होता,
"लाल कापड बांधलं व्हतं, साहेब.
लेकीच्या फ्रॉकचं."
कापड कुणाला सापडेना.

मी पाहिलं होतं ते.
लांबून, उजेडात हलताना.
काय असंल, असं वाटलंही.
तेवढ्यात फोन वाजला.

सही केली.

परवा वसमतजवळ, रस्त्याकडेला
मिरच्या वाळत घातलेल्या.
मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला.
बायको दचकली. कोण होतं?
कुणी नाही म्हणालो.