पाठचा कागद

दुकानाबाहेर उणे बावीस. गाडी चालू ठेवून आलोय.
पाच मिनिटांचं काम, असं स्वतःलाच सांगितलं होतं.
चाळीस झाली.

दोन खोकी. एक पांढरं, एक राखाडी.
आजूबाजूला मण्यांच्या बरण्या, प्लास्टिकच्या पाइनफांद्या,
आणि मधोमध मी, खाणीचं जाकीट घालून,
परक्याच्या लग्नात शिरल्यासारखा.

ब्रिएल नावाची पोरगी समजावते.
पांढरं हलकं, फोनवर चालतं,
चित्रं हवी असली तर दर महिन्याला पैसे.
म्हणजे यंत्र माझं आणि चित्रं भाड्याची?
तसंच काहीसं, म्हणते, आणि हसते.
राखाडी जड. त्याला इंटरनेट लागत नाही.
हातानं काढलेलं चित्र वाचतं, त्याच्या कडेकडेनं कापतं.
नव्वद डॉलर जास्त. शिवाय आवाज करतं.
आवाजाचं सोड, म्हटलं.
माझा डावा कान कंपनीनंच ठेवून घेतलाय.

हिबिंगला बत्तीस वर्षं पोलाद कापलं मी.
दोन इंची पत्रा, निळी ज्योत.
ठिणग्या खालून पडल्या तर आरपार,
वर उसळल्या तर तू घाई केलीस.
एवढंच शास्त्र.

क्रिस्टनला खाणीनं नोव्हेंबरात घरी बसवलं.
तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर
ती कात्रीनं स्टिकर कापते.
डब्यांवर पोरांची नावं, हॉकीच्या हेल्मेटांवर आकडे,
कुणाच्या तरी बोटीवर त्याच्या बायकोचं नाव.
आठाच्या पोटातली दोन भोकं तिला छळतात.
अंगठ्याला सदा चिकटपट्टी.
मी विचारलं होतं, यातनं विजेचं बिल तरी निघतं का?
एकदाच विचारलं.
मग तीन दिवस आमच्यात फक्त मीठ इकडचं तिकडे झालं.

हे बघा, म्हणाली ब्रिएल.
हिरव्या चिकट चटईवर तिनं कागद दाबला,
राखाडीच्या तोंडात दिला.
पातं दिसतही नव्हतं, तांदळाच्या कणीएवढं.
खर्र, खर्र, थांबलं.
कागद बाहेर आला तो गेला तसाच.
काही कापलंच नाही की, म्हटलं मी.
तिनं नखानं कोपरा उचलला
आणि एक अस्वल सुटून आलं, सबंध, कानांसकट.
पाठचा कागद कोरा. ओरखडासुद्धा नाही.

वरचं तेवढं कापायचं, ती म्हणाली,
पाठीला लागू द्यायचं नाही.
दाब एक आकडा जास्त झाला की जातं आरपार,
मग सोलायला काही उरत नाही,
तुकडे हातात येतात.

पुन्हा कर, म्हटलं.
तिनं मासा कापला.
पुन्हा.
मागे एक बाई लोकरीचे गुंडे घेऊन ताटकळत होती.
आमच्याकडे आरपार गेलं तरच काम झालं म्हणायचे.
कुणी सांगितलंच नाही की थांबणं हीसुद्धा
पात्याचीच करामत असते.

नको तो भाग उचकायला बारीक आकडीही मिळते.
याला निंदणं म्हणतात, ब्रिएल म्हणाली.
मला आईचं बटाट्याचं शेत आठवलं.
तण कुठलं, रोप कुठलं,
उपटून झाल्यावरच कळायचं मला.

राखाडी घेतलं.
क्रिस्टन लून पक्षी काढते, त्याची मान जरा वाकडी असते.
हे यंत्र ती वाकडीच ठेवेल.
(पांढऱ्यात तयार लून चारशे आहेत म्हणे, सगळे सरळ.)
पावती जपून ठेवा, तीस दिवसांत परत घेतो, ब्रिएलनं सांगितलं.
जपून खिशात घातली. तेवढा विश्वास माझा माझ्यावर नाही.

गाडीत पेट्रोल पाव टाकीवर आलेलं.
खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला,
आणि वाटेत वाक्यं जुळवत राहिलो.
पहिलं फार खोल गेलं.
दुसऱ्यात विजेचं बिल पुन्हा डोकावलं, ते टाकलं.
तिसरं कागदावर उमटलंच नाही.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईतो
हातात एवढंच उरलं:
क्रिस्टन, हे टेबलावर कुठे ठेवू?