नि.

नोंदणीच्या टेबलाशी आडनाव विचारत नव्हते.
सगळ्यांचं एकच. शाखा विचारत होते,
पहिली? तिसरी? बडोद्याची की सागरची?
माझ्याजवळ आडनाव होतं, तेही दुसरंच.
पोरीनं यादी वरून खाली पाहिली, खालून वर,
मग पांढरी फीत दिली : माहेरवाशिणी व इतर.
"नाश्ता लागलाय, काकीजी, आधी खाऊन घ्या,
पोहे थंडे होऊन जातील."

अकरा वर्षं मी या कुळाशी पोस्टकार्डावर बोलले,
नंतर फोनवर.
मोरेश्वरकाकांच्या आवाजाला
मी सहा फूट उंची दिली होती, मिशाही.
ते निघाले माझ्या खांद्याएवढे,
दोन स्वेटर, वर कोट, वर कानटोपी.
म्हणाले, "अक्षरावरून वाटलं, आपण शिक्षिका असाल."
मी अकोल्याला वीज मंडळात होते. थकबाकीदारांच्या याद्या लिहायची.

जानेवारी. लष्करातलं धुकं
कार्यालयाच्या खिडक्यांना टेकून बसलेलं.
भिंतीवर चौदा फुटी फ्लेक्स.
लोक बोटानं स्वतःला शोधत होते,
सापडले की फोटो काढत होते.
एका मुलानं आपल्या नावावर चटणीचा ठसा उमटवला.
मी खाली वाकले. शाखा सातवी.
भिकाजी रघुनाथ, पागेकडे कारकून, नि.

संक्षेपांचं पान मला पाठ आहे.
द. म्हणजे दत्तक, प. म्हणजे परागंदा,
नि. म्हणजे निपुत्रिक.
चूक नाही त्यात. पुत्र नव्हताच.
मथुरा होती.
मथुरेची गोदू, गोदूची माझी आई.

कागद मी आणलेच नव्हते.
मी कान बघायला आले होते.
आमच्या कानाला पाळी नाही.
म्हणजे आहे, पण गालाला चिकटलेली,
कुडी घातली की मान टाकते.
सोनार आईला म्हणायचा,
"बाई, तुमच्या घराण्याला पाळी द्यायची राहूनच गेली."
त्याच्या बापानं आजीला हेच सांगितलेलं.
कुठलं घराणं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आणि इथे दोनशे सोळा माणसं, पण एक कान दिसेना.
मफलर, शाली, टोप्या, पदर.
दीपप्रज्वलन, स्वागत, आभार,
राहिलेल्यांचे आभार.
एक डॉक्टर आनुवंशिकतेवर तासभर बोलले,
मफलर न काढता.

दीडला ऊन पडलं. पंगत गच्चीवर.
आधी सागरच्या वकीलबाईंचा स्कार्फ सुटला. नाही.
मग मठ्ठा वाढणारा पोरगा. तोही नाही.
मग मोरेश्वरकाकांनी टोपी काढून ताटाशेजारी ठेवली
आणि माझा वरणभात हातातच राहिला.
चिकटलेली. डावी जरा जास्तच.
आईचा कान,
अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पुरुषाला.

मी सांगितलं. कसं, ते आठवत नाही.
बहुतेक केस मागे करून दाखवले.
चष्मा कपाळावर चढवून ते बघत राहिले,
मोडीतला कागद बघतात तसं, ओठ हलवत.
मग माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं, अर्धंच.
"नि. म्हणजे?"
"निर्मला."
ते हसले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत,
"म्हणजे छापलं होतं बरोबर."

दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाले,
पुढच्या आवृत्तीत बघू, समितीपुढे ठेवावं लागतं,
शिवाय फ्लेक्सचे पैसे देऊन झालेत.
वारा सुटला तशी टोपी पुन्हा कानांवर ओढली.

निघताना पणतीच्या हाती गजकाचा डबा पाठवला.
साडेतीन-चार वर्षांची असेल,
टोपड्याची गाठ हनुवटीखाली.
माझी बोटं गाठीपर्यंत गेली.
बाहेर रिक्षावाला घाई करत होता,
थंडी उतरायला लागली होती.
गाठ जरा सैल वाटली,
ती आवळून दिली.