खाली टिंबं

शहापूरच्या खडेबाजारात आमचा छापखाना होता
तेव्हा एका पानाला तीन नजरा लागायच्या:
जुळाऱ्याची, माझी,
आणि शेवटी मालकांची.
ते पान शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत जायचे.
अर्थ कळला की चूक दिसत नाही, म्हणायचे.

आता पुस्तकं येतात चकचकीत.
मुखपृष्ठाला चार रंग, आत
नायक सात पानं ‘सुड’ घेत फिरतो,
एकेचाळिसाव्या पानावर विधवा झालेली यमुना
साठाव्या पानावर नवऱ्याचा डबा भरते.
ऋणनिर्देशात मात्र
‘काटेकोर मुद्रितशोधनाबद्दल’ कुणाचं तरी नाव.

प्रकाशकाला फोन केला एकदा.
म्हणाला, काका, फाइल थेट मशीनला जाते आता.
आणि एवढं वाचतंय कोण?
मी म्हटलं, मी.
तो हसला,
नि पत्ता विचारून एक प्रत फुकट पाठवली.
पाकिटावर माझं आडनाव चुकलेलं.

तेव्हापासून संध्याकाळी वडगावच्या वाचनालयात बसतो.
भिंतीपलीकडे माग धडधडत असतात.
तिथं एक धागा तुटला तरी माग थांबवतात.
मी खिशातली पेन्सिल काढतो,
काना देतो, वेलांटी फिरवतो,
चुकीच्या डोक्यावर बसलेला रफार
उचलून शेजारी ठेवतो.
दोनदा दंड भरलाय, वीस-वीस रुपये.
पावतीवर बाईंनी लिहिलं, ‘पुस्तक विद्रुप केले’.
त्यातला रू मी तिथंच दीर्घ करून दिला.

परवा एक कथासंग्रह पुन्हा हातात आला,
दोन वर्षांपूर्वी मीच तपासून ठेवलेला.
माझ्या काळ्या खुणांच्या मधे मधे
हिरव्या खुणा.
मी हुकलेल्या जागा कुणीतरी धरल्या होत्या.
एक नाही, नऊ.
पंख्याखाली बसून घाम फुटला मला.

मग पान त्र्याऐंशी.
गोष्टीतला म्हातारा कोष्टी स्टँडवर कुणाला तरी सांगतो,
‘कुठं न्हाई, घराकडं जाऊलालो.’
त्यातलं जाऊलालो खोडून
मी वर लिहिलं होतं: जात आहे.
हिरव्या पेन्सिलीनं माझ्या ‘जात आहे’ला हात लावला नव्हता.
फक्त खोडलेल्या शब्दाखाली
चार टिंबं दिली होती.
ज्यांची बोटं शाईत गेली त्यांना कळते ती खूण:
राहू द्या. मूळचंच बरोबर आहे.

माझा बाप मागावर बसून असाच बोलायचा.
मी शिकत गेलो तसा
त्याला वाक्यागणिक अडवत गेलो.
पुढं पुढं तो माझ्यासमोर
नुसती मान हलवायचा.

बाईंनी रजिस्टर उघडलं.
‘हंपण्णा तुरमरी. बैलहोंगलकडचे.
घरात कन्नडच की वो त्यांच्या.
छापखान्यात खिळे जुळवायचे म्हणे.
सकाळी येतात. ऐकायला येत नाही फारसं.’

म्हणजे आमची लिपी त्यांनी
शिशातून शिकली, उलटी,
बोटांनी चाचपत,
आणि बोली? ती कुठल्या केसमध्ये ठेवलेली असते
ते मला चाळीस वर्षांत सापडलं नव्हतं.

मी खोडरबर मागून घेतलं.
‘जात आहे’ गेलं, कागद जरा खरबरीत झाला.
टिंबं ठेवली.

आज नवी कादंबरी घेऊन बसलोय.
सातव्या पानावर छापलंय ‘दिनदुबळे’.
हात शिवशिवतोय, ती वेलांटी मला घरी झोपू देणार नाही.
पण पेन्सिल खिशात घातली,
पुस्तक परत केलं,
आणि बाईंना म्हटलं,
हे सकाळी टेबलावर, वरच असू द्या.