आज काय लावलंय

रात्री साडेनऊला फोन वाजतो.
‘आज काय लावलंय?’
सुरुवातीला मी म्हणायचे, कुकर.

मराठीत माणूस काय काय लावतो.
दिवा, दूध, शिकवणी, जीव,
रविवारी केसांना तेल,
आणि जमलं तर एखाद्याची वाट.
ठाण्यात आम्ही चौघं तबकडी लावतो
आणि एकमेकांना कळवतो.

मी उथळसरची. माझी पहिली रेकॉर्ड
भजनांच्या गठ्ठ्यात चुकून आली.
रद्दीवाला म्हणाला, ही इंग्लिश आहे, फुकट न्या.
कव्हरवर टोपी पुढे ओढलेला एक माणूस,
सॅक्सोफोन असा धरलेला
जसं तापातलं मूल खांद्यावर घेतात.
गाण्याला शब्दच नव्हते.
इंग्लिश नाही की काही नाही.

चेंदणीचा हरेश्वर नाखवा
हळदीच्या बँडात तीस वर्षं ट्रम्पेट वाजवायचा,
पुढचे दोन दात पडेपर्यंत.
आता नुसता ऐकतो, आणि मध्येच फोनवर ओरडतो,
‘यो बग, तालाचे मागं रेतो, मुद्दाम!
नवरा मांडवान शिरत नाय तवर
आमी पन असंच वाजवाचो.’

चरईच्या फ्लोरी क्रियाडोनं
सुईच्या डोक्यावर चार आणे चिकटवलेत, मेणबत्तीच्या मेणानं,
नाहीतर सुई भलत्या गाण्यात घसरते.
बाजारातून कधीच बाद झालेलं नाणं
तिच्याकडे अजून चालतं.

आणि पोटनीस.
रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते,
फ्लॅट विकून मुलाकडे गेले, कासारवडवलीला.
पोटनीस नाव आधी कधी सांगत नाहीत.
‘पहिली सात सेकंदं खरखर,’ म्हणतात,
‘तेल तापलंय, मोहरी पडायची आहे.
मग डबल बास येतो, चपला दाराबाहेर काढून.
पियानो तोवर खिडकीतच बसलाय.
बरं, ऐकून करतो.’
फोन ठेवतात. एक बाजू संपली
की पुन्हा करतात, अठरा-एकोणीस मिनिटांनी,
आणि ड्रमवाल्याला नावं ठेवतात.

गेल्या महिन्यात नाखवा त्यांना सोडे द्यायला गेला,
सत्ताविसाव्या मजल्यावर.
परत आला तो दोन दिवस फोनवर नाही.
मग म्हणाला, यंत्रच नाय तिथं.
सुनेच्या व्यायामाच्या सायकलमागे तीन खोकी,
चिकटपट्टी लावलेली,
तिच्यावर सामान हलवणाऱ्यांचा शिक्का
आणि तारीख, दोन वर्षांपूर्वीची.

दोन वर्षं.
मी रात्री पडल्या पडल्या आठवत राहिले,
ती सात सेकंदं, त्या चपला,
आणि एकदा त्यांनी मध्येच म्हटलेलं,
‘थांबा, सुईवर धूळ आलीय.’

फ्लोरी म्हणाली, कुणी काही बोलायचं नाही.
कुणी बोललं नाही.
नाखव्याला आताशा त्यांच्याशी बोलताना खोकला येतो, एवढंच.

काल मीच विचारलं, आज काय लावलंय?
तोच, म्हणाले, तुमचा टोपीवाला. दुसरी बाजू.
म्हटलं, मीही लावते. बरोबरच ऐकू.
फोन पेटीच्या जाळीजवळ धरून
फरशीवर बसून राहिले.
त्यांच्या बाजूनं लिफ्टची घंटा आली,
नातवाचं चेंडू आपटणं,
कुणीतरी विचारलं, बाबा, गोळी घेतलीत?
ते गप्प होते. पूर्ण बाजूभर गप्प.

मग म्हणाले,
‘तुमचं यंत्र जरा पळतंय हो.
शेवटी माझ्या किती आधी पोचलात.
पट्टा बघून घ्या.’

आज सकाळी तबकडीच्या कागदावर
खडूनं एक रेघ मारली,
स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून शेजारी ठेवलं
आणि मिनिटभर बोटानं मोजत बसले.
फेऱ्या हव्यात तेहतीस, आणि वर थोडं.
भरल्या चौतीस,
आणि वर थोडं.